घरटी एक माणूस

आमच्या देवळामागे फायबरची एक बोट कित्येक महिने पालथी पडून होती. रंगाने नारिंगी, अंगावर देणाऱ्या संस्थेचं नाव. मोठा पूर येऊन गेल्यावर शहरातल्या कुणी दानशूरांनी ती आणून दिली, फोटो काढले आणि गेले. पुढच्या पुरात माणसं वाचावीत, हा हेतू. पण बोट पाण्यात घालायची कुठून, ते कुणी विचारलं नव्हतं. आमचं गाव महाडच्या खाली, सावित्री नदीला जिथे भरती आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागते तिथे. काठ उभा, त्याखाली मांडीपर्यंत चिखल. एकदा हौसेने दहा-बारा जणांनी ती बोट खाली ओढली. भरती उतरली तशी ती चिखलात बसली आणि दुसऱ्या दिवशी दोर लावून वर काढावी लागली. मग तिच्या पाठीवर बायका वाल वाळत घालायला लागल्या.

तिला पाण्यापर्यंत नेणारा सिमेंटचा उतार हवा होता. सरकारी कागदावर त्याला रॅम्प म्हणत, गावात उतारच म्हणत. तो उतार व्हावा म्हणून मी जेवढा घसा कोरडा केला तेवढा स्वतःच्या धंद्यासाठीही कधी केला नसेल. त्याची ही हकिगत.

मी मूळचा कुडपणचा, वरचा. पठारावरून खाली उतरलो तेव्हा अंगावरचे कपडे आणि भांडायची खुमखुमी एवढंच बरोबर होतं. बिरवाडीत हमाली केली. कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने द्यायला लोक खोल्या बांधत, त्यांच्या विटा मी वाहिल्या. मग जुना टेम्पो घेतला आणि विटा वाहता वाहता विकायला लागलो. खडी, वाळू, पत्रे, फरशी असं एकेक जोडत यार्ड उभं केलं. भाव करण्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही. राग नाकावर असतो हे खरं, पण समोरच्याला वाटतं माणूस रागावला, आता उठून जाणार, आणि तो भाव उतरवतो. रागाचाही उपयोग होतो.

या गावात जागा घेतली ती नदीकाठची, पाणी भरणारी म्हणून स्वस्तात मिळाली. दुमजली घर बांधलं. तेव्हापासून इथेच आहे. केस काळ्याचे पांढरे इथेच झाले. पण मी गावकीत नाही.

गावकी म्हणजे गावातल्या मूळ घरांची बैठक. देवळाचा उत्सव, पाखाडीच्या दगडी वाटेची दुरुस्ती, विहिरीचा गाळ, सगळं ती ठरवते. खर्च आला की प्रत्येक घरावर सारखी पट्टी बसते. श्रीमंत असो की गरीब, पट्टी एकच. काम निघालं की घरटी एक माणूस यायचा, नाही आला तर त्या घराला दंड. बाहेरून आलेल्या माझ्यासारख्याकडून पट्टी घेत नाहीत. त्याच्याकडून देणगी घेतात. जातीचा प्रश्न नव्हता, जात एकच होती. मी वरचा, एवढाच प्रश्न. आपसात ते एकमेकांना दादा, काका, आबा म्हणत. मला म्हणत शेट. हमाली करून वर आलेल्या माणसाला शेट ऐकून सुरुवातीला बरं वाटायचं. पुढे कळलं, शेट हा गावाचा नसतो, दुकानाचा असतो.

मोठ्या पुरात खालची आळी माझ्या गच्चीवर आली होती. माझा तळमजला बुडाला, पण वर जागा होती. माझ्या बायकोने गॅसची शेगडी वर नेली आणि पाणी उतरेपर्यंत पेज आणि भात शिजवत राहिली. गावकीचे मुख्य, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते माझ्याच चटईवर झोपले होते. पाणी ओसरल्यावर बायको म्हणाली, "आता बघा, पुढची पट्टी मागायला येतील." पट्टी मागायला कुणी आलं नाही. आबांच्या घरून फणस आला. फणस चांगला होता, पण फणस पाहुण्याला देतात.

पुढे ती आजारी पडली आणि एका हिवाळ्यात गेली. मुलगा पुण्याहून येईपर्यंत अंगणात माणसं जमली होती. माणसं आली नाहीत असं मी म्हणणार नाही. पण आमच्या या भागात रीत आहे, मयत झालं की गावकीतल्या प्रत्येक घरातून एक लाकूड येतं. कुणी आंब्याचं, कुणी किंजळीचं, कुणाकडे नसलं तर जुना वासा तोडून. माणूस गावाच्या लाकडावर जळतो. त्या दिवशी सगळे हात मागे बांधून उभे होते, आणि आबांनी माझ्या मुलाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "बाळा, महाडच्या वखारीत फोन कर. शेटांचा टेम्पो हायच." माझ्याच टेम्पोतून विकतची लाकडं आली. ज्यांनी तिच्या हातची पेज प्यायली होती त्यांच्यापैकी एकाच्याही दारातलं ढलपं त्यात नव्हतं. ती वाईट माणसं होती म्हणून नव्हे. रीत नव्हती म्हणून.

ते माझ्या मनात बसलं ते बसलंच. मुलगा म्हणाला, पुण्याला चला. मी नाही म्हणालो. मला इथे एक हिशेब पुरा करायचा होता, पैशाचा नव्हे. मी मरेन तेव्हा माझं लाकूड गावातून यायला हवं होतं. त्यासाठी माझं घर पट्टीत लागायला हवं होतं. दुसरा रस्ता नव्हता.

त्यानंतर घरात मी एकटा. यार्ड सांभाळायला माणसं आहेत, मी दुपारनंतर गॅलरीत बसतो. समोर नदी. पाणी चढतं, पाणी उतरतं. मला पोहता येत नाही, कुडपणच्या माणसाला कुठून येणार? पण बसून बसून मला भरती-सुकती कळायला लागली. सुकतीला पाणी कुठवर मागे जातं ते बघायला मी एकदा चिखलात बांबू रोवला. मग अमावास्येला तो आणखी पुढे न्यावा लागला. बोलायला कुणी नसलं की माणूस असले उद्योग करतो.

उताराची गोष्ट निघाली तेव्हा आबा स्वतः माझ्याकडे आले. जिल्ह्याच्या निधीतून पैसे मिळत होते, पण जागा गावाने द्यायची आणि खर्चाचा काही भाग लोकवर्गणीतून उभा करायचा, अशी अट होती. देवळापुढची जागा गावकीची होती, ती द्यायला सगळे तयार होते. कागदपत्रं आणि ठेकेदार यांच्याशी बोलायला माणूस हवा होता.

"शेट, तुमच्यासारखा बोलणारा गावात दुसरा नाय," आबा म्हणाले.

"बोलायला मी, आणि बैठकीत?"

"बैठकीत पण या की. खुर्ची टाकतो."

बैठकीत गावकीतले सगळे खाली घोंगडीवर बसतात. खुर्ची पाहुण्याला. पण मी हो म्हणालो. म्हटलं, आधी काम दाखवू, मग मागू. व्यापारात माल दाखवल्याशिवाय भाव सांगत नाहीत.

महाडच्या कचेरीत खेपा घातल्या, अलिबागला गेलो. या खात्याची नाहरकत, त्या खात्याची नाहरकत. इंजिनिअर तरुण होता, शहाणा होता. त्याने नकाशा उलगडला तेव्हा मी म्हणालो, "उतार आखूड आहे. सुकतीला बोट पुन्हा चिखलातच बसणार."

"मला माहीत आहे हो," तो म्हणाला. "अगदी खालच्या पाण्यापर्यंत न्यायला हवा. पण मंजूर एवढंच आहे. लांबी वाढवली की खर्च वाढतो. वरचा खर्च गाव उचलणार असेल तर मी आत्ता रेघ वाढवतो."

"वाढवा रेघ," मी म्हणालो.

"गावाला विचारलंत?"

"गावाला नंतर विचारतो. तुम्ही आधी वाढवा."

मग ठेकेदार. तो पोलादपूरचा, माझा जुना दुश्मन, म्हणजे जुना मित्र. त्याची यंत्रं दर पावसाळ्यात कशेडी घाटात दरडी उपसायला जातात. मी त्याच्या ऑफिसात पाय ठेवला तशी त्याने ड्रॉवर बंद केला.

"आलात? आता चहाचे पैसेही माझ्याकडूनच जाणार."

"चहा नको. भाव सांग."

त्याने सांगितला. मी उठलो.

"बसा हो. अजून शिवी पण दिली नाहीत."

"शिवी फुकट देत नाय मी. पावसाआधी तुझं पोकलेन कुठं हाय?"

"उभं आहे."

"उभं आहे म्हणजे ऑपरेटरचा पगार चालू हाय आणि काम नाय. पाऊस लागला की तू कशेडीत. मधल्या दिवसांत माझं काम कर. खडी माझ्या यार्डातून घे, वाहतूक वाचेल. आणि त्या खडीत नफा लावणार नाय, हे लिहून देतो."

"तुम्ही? नफा लावणार नाही? बरं नाही का वाटत आज?"

"भाव उतरव, मग सांगतो."

उन्हं कलेपर्यंत आम्ही भांडलो. एकदा मी खरंच बाहेर पडून टेम्पोत बसलो, तो मागून धावत आला. शेवटी जो भाव ठरला तो ऐकून इंजिनिअरनेही भुवया उंचावल्या. तरीही लांबी वाढवल्यामुळे गावाच्या वाट्याला मोठा खड्डा उरत होता. तो भरण्यासाठी शिमग्यात, मुंबईकर गावी आलेले असताना, गावकीची बैठक बसली.

मी खुर्चीवर होतो. घरटी पट्टी ठरली. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने त्यांचा वाटा सांगितला. तरी खड्डा राहिला. सगळ्यांच्या नजरा खुर्चीकडे वळल्या.

"शेट, तुम्ही काहीतरी मोठा आकडा टाका," आबा म्हणाले.

मी याचीच वाट बघत होतो. मी म्हणालो, "उरलेलं सगळं मी देतो. एक अट हाय. देणगी म्हणून नाय. माझं घर पट्टीत लावा. पट्टी जेवढी प्रत्येक घराला, तेवढी माझ्या घराला. ती आधी घ्या, पावती द्या. मग बाकीचं काय म्हणून लिहायचं ते लिहा."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "पट्टी मूळ घराची असते. असं कधी झालं नाय."

"उतार तरी कधी झाला होता?" मी म्हणालो.

दोन-चार जण हसले. मुंबईहून आलेला मंडळाचा सेक्रेटरी, गॉगल डोक्यावर चढवलेला, समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, टेन्शन नको. तुमचं नाव मार्बलवर टाकतो ना. एकदम टॉपला. बाकी कुणाचं नाव एवढं मोठं नसेल."

"मार्बल मी विकतो रे," मी म्हणालो. "मला नको विकूस."

आता मात्र सगळे हसले, आणि त्या हसण्यात माझी मागणीही हसण्यावारी गेली. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, माझ्या गच्चीवर झोपलात तेव्हा मूळ घर विचारलं होतंत काय? माझ्या बायकोच्या हातची पेज पिताना? तिच्या सरणाला एक लाकूड निघालं नाय या गावातून. आबांनी मान खाली घातली. म्हातारा म्हणाला, "शेट, मयताचं बैठकीत काढू नये." मी खुर्ची मागे सारली आणि उठून आलो. ठेकेदाराकडे मी उठलो की माणूस मागून धावत येतो. इथे कुणी आलं नाही.

मग दिवस जायला लागले. मी यार्डातून खडीची एक पाटी हलू दिली नाही. ठेकेदाराचे फोन येऊ लागले, "शेटजी, यंत्र उभं आहे, पाऊस लागला की मी चाललो, मग हा भाव विसरा." एक दिवस आबा आले. जिना चढून गॅलरीत आले, माझ्या शेजारी बसले, दोघांनी मिळून नदी बघितली. पाणी उतरत होतं. माझा बांबू उघडा पडत होता.

"त्यो बांबू कसला?" त्यांनी विचारलं.

"सुकतीचं पाणी तिथवर जातं. उतार तिथवर हवा."

आबांनी बांबूवरची नजर माझ्याकडे वळवली. "माझ्या एकट्याच्या हातात नाय रे," ते म्हणाले. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा रे म्हणाले. "सगळी गावकी बसल्याशिवाय घर लागत नाय. गणपतीत सगळी येतील, तेव्हा विषय काढतो. पण उतार तवर थांबायचा नाय."

त्यांनी वचन दिलं नव्हतं, हे मला चांगलं कळत होतं. बाजारात असल्या शब्दावर मी एक वीट दिली नसती. पण तो भाव मी स्वतः भांडून ठरवला होता. आपण ठरवलेला सौदा आपल्याच डोळ्यांदेखत मरताना बघणं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डाचं फाटक उघडून खडी भरायला सांगितली. उरलेले पैसे दिले. काय म्हणून लिहिलंत, ते विचारलं नाही.

उतार झाला. पावसाच्या तोंडावर झाला, पण चांगला झाला. देवळापासून सरळ पाण्यात, अगदी माझ्या बांबूच्याही पुढे गेला. उद्घाटनाला पुढारी आले, साहेब आले. नारिंगी बोट धुऊन, हार घालून उभी होती. पुढच्या रांगेत खुर्च्या होत्या. एक माझी. गावकीतले लोक मागे उभे होते, चहा फिरवत होते, पोरांना ओरडत होते, घामाघूम झाले होते. मला शाल आणि नारळ मिळाला. टाळ्या झाल्या. दगडावर माझं नाव सगळ्यात वर होतं, मोठ्या अक्षरात, पुढे 'विशेष देणगी'. ज्यांना ज्यांना शाल मिळाली ते सगळे कार्यक्रम संपल्यावर आपापल्या गाडीत बसून आपापल्या गावी गेले. मी शाल खांद्यावर टाकून पायी घरी आलो, चार घरं ओलांडून. मागे देवळात भांडी वाजत होती. गावकीचं जेवण बसलं होतं.

बोट सरसर पाण्यात गेली, हे मात्र सांगायला हवं. दोघांनी ढकलली आणि गेली. मी शाल घेऊन उभा होतो तरी तेवढ्यापुरतं मला सगळं विसरायला झालं.

गणपतीत सगळे आले. बैठक झाल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. विषय निघाला की नाही, मी आबांना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मात्र विसर्जनाला सगळ्यांचे गणपती त्या उतारावरूनच गेले. आमचा गणपती वर कुडपणला, भावाच्या घरी असतो.

पाऊस सरल्यावर उताराच्या खालच्या टोकाला गाळ बसला. खाडीचं पाणी आहे, बसणारच. गावकीने ठरवलं, दर रविवारी सुकतीला घरटी एक माणूस येऊन गाळ काढायचा. असं ठरलं की गावकीचा निरोप्या आदल्या संध्याकाळी आळीतून ओरडत जातो, "उद्या उतारावर घरटी एक माणूस होऽ!" माझ्या दारावरून तो ओरडतच गेला.

सकाळी मी फावडं घेऊन उतारावर गेलो. विजार गुडघ्यावर दुमडली.

"शेट, तुम्ही कशाला?" कुणीतरी म्हणालं. "तुमचं नाव वर हाय की."

"नाव वर हाय, चिखल खाली हाय," मी म्हणालो. "सरक."

हसू झालं. या वेळचं हसणं मला लागलं नाही. मी गाळ ओढला. हमालीतले हात आहेत, विसरत नाहीत. माझ्या शेजारचा म्हातारा, बैठकीत बोललेला तोच, मध्येच म्हणाला, "फावडं असं तिरकं धर, नायतर पाठ जाईल." मी तिरकं धरलं. काम संपल्यावर आबांनी नेहमीप्रमाणे घरं मोजली, पारावरचं घर, विहिरीजवळचं घर, वडाखालचं घर. कोण आलं, कोण नाही. जे आले नव्हते त्यांना दंड. माझं घर आल्यातही नव्हतं आणि न आल्यातही नव्हतं.

घरी येऊन हातपाय धुताना मला एक गोष्ट सुचली. पुढच्या रविवारी मी गेलो नाही.

मुद्दाम नाही गेलो. गॅलरीतून बघत होतो. ते गाळ काढत होते, पाणी हळूहळू परत वर येत होतं. दुपारी निरोप्या दंड गोळा करायला निघतो. मी धुतलेला सदरा घातला. खिशात पैसे ठेवले. जन्मभर लोकांचे भाव पाडले, पण त्या दिवशी ठरवलं होतं, जो दंड सांगेल तो द्यायचा. नाही, थोडं भांडायचं, घासाघीस करायची, नाहीतर त्याला संशय येईल. मग द्यायचा.

शेजारच्या घरी त्याचा आवाज ऐकू आला. तिथली बाई भांडत होती. "अरे, माझा माणूस तापाने पडलाय, कसला दंड?" "गो, मग पोराला पाठवायचं होतंस." "पोरगा मुंबईला हाय, तुला ठाऊक नाय काय?" "मला समदं ठाऊक हाय, पैसे काढ." शेवटी तिने काढले. मग त्याच्या चपला पाखाडीवर वाजल्या आणि माझ्या फाटकापाशी थांबल्या.

मी खाली आलो. तो फाटकाला हात लावून उभा होता, घामाने भिजलेला.

"शेट, पाणी देता काय जरा?"

मी तांब्या आणून दिला. तो वरून धार धरून प्यायला.

"मी आज आलो नाय," मी म्हणालो.

"बघितलं की. बरं नाय काय?"

"बरा हाय मी. आलो नाय, बस. दंड किती?"

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तो खूप हसला, तांब्या परत देताना त्याचं पाणी सांडलं. "तुम्हाला कसला दंड, शेट? तुम्ही मोकळे. तुमच्यासारखं नशीब आम्हाला असतं तर." आणि पुढे वडाखालच्या घराकडे गेला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी खालच्या खोलीची खिडकी उघडी ठेवून बसलो. तो ओरडत आला. माझ्या फाटकाशी त्याचा आवाज कमी झाला नाही, वाढलाही नाही, आणि पाय थांबले नाहीत. आवाज वळणापलीकडे गेल्यावर मी उठलो, कोपऱ्यातलं फावडं काढलं आणि सकाळी शोधावं लागू नये म्हणून दाराशी उभं करून ठेवलं.